शेवटच्या भागाचे देणे

माझ्या रहस्यमालिकेचा शेवटचा भाग छपाईला गेल्याचे येथे जाहीर केले, तेव्हापासून आलेल्या पत्रांचे सरळ दोन गट पडतात. पहिल्या गटाचे म्हणणे असे, की आता काही हातचे राखू नका: साखळीवाला म्हणजे नेमका कोण, तो काहींनाच का ऐकू येतो, आणि हे सारे त्या निवृत्त मोजणीदाराच्या मनाचे खेळ तर नव्हते ना, हे एकदाचे सांगून टाका. दुसऱ्या गटाला स्पष्टीकरणात रस नाही. मोजणीदाराला मारू नका, एवढेच त्यांचे मागणे आहे. दोन्ही गटांना वेगवेगळे उत्तर लिहिण्यापेक्षा अद्भुत रहस्यमालिकेचा शेवटचा भाग वाचकाचे नेमके काय देणे लागतो, याविषयी मला जे वाटते ते एकदा सविस्तर मांडावे, असे ठरवले आहे.

ज्यांनी ही मालिका वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नायक भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेला मोजणीदार आहे. बांधांचे, वाटण्यांचे आणि शिवेचे तंटे सोडवायला लोक त्याला खाजगीरीत्या बोलावतात, आणि त्या निमित्ताने तो रावेरच्या केळीच्या बागांपासून अक्राणीच्या डोंगरापर्यंत साऱ्या खान्देशात फिरतो. प्रत्येक भागात एक गुन्हा घडतो आणि तो माणसानेच केलेला असतो. मात्र त्या गुन्ह्याच्या आसपास रात्री जमिनीवरून लोखंडी साखळी ओढत नेल्याचा आवाज येतो, आणि तो माणसाचा नसतो. हाच साखळीवाला.

पहिल्या गटाच्या मागणीत एक गृहीत दडलेले आहे, की रहस्यकथा म्हटली की शेवटी सगळ्याचा उलगडा झालाच पाहिजे. हे गृहीत कोठून आले ते पाहण्यासारखे आहे. रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली गुप्तहेरकथेसाठी दहा नियम सांगितले, त्यांतला दुसराच नियम अतिमानवी शक्तींना सपशेल दाराबाहेर काढणारा होता. नॉक्स स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते, म्हणजे अदृश्यावर विश्वास ठेवणे हाच त्यांचा व्यवसाय होता, आणि तरीही कथेत त्यांना ते नको होते. मला यात विसंगती वाटत नाही. वाचकाला लेखकाबरोबर बुद्धीने झुंजायचे असेल, तर भिंतीतून आरपार जाणारा खुनी हा सरळ सरळ लबाडीचा डाव ठरतो. शेरलॉक होम्सही याच पंथाचा. १९०१-०२ मध्ये क्रमशः आलेल्या बास्करव्हिलच्या कथेत साऱ्या परिसराला पछाडणारे सैतानी कुत्रे शेवटी फॉस्फरस फासलेले खरेखुरे कुत्रे निघते, आणि १९२४ च्या ससेक्समधल्या रक्तपिपासूच्या कथेत तर होम्स भुताखेतांची चौकशी आपल्या कामात बसत नाही असे आधीच बजावतो.

दुसऱ्या, म्हणजे भुताला कथेत जागा देणाऱ्या पंथाचा माझा आवडता पूर्वज विल्यम होप हॉजसन यांचा भूतशोधक कार्नाकी. १९१० पासून मासिकात आलेल्या त्याच्या कथांमध्ये काही प्रकरणांत भूत खरे असते, काहींत ती निव्वळ फसवणूक असते, आणि अदृश्य घोड्याच्या कथेत तर एक माणूस भुताचे सोंग घेत असतानाच खरे भूतही तेथे हजर होते. कथा हाती घेताना यापैकी काय निघणार हे वाचकाला ठाऊक नसते, आणि कार्नाकीलाही नसते. आपल्याकडे नारायण धारप यांच्या समर्थ या नायकाने अदृश्य शक्तींशी सामना हा चौकशीचा आणि शिस्तीचा विषय करून दाखवला. माझ्या पिढीतल्या कित्येकांनी वाचनालयातून आणलेले समर्थाचे पुस्तक रात्री उशाशी न ठेवता दुसऱ्या खोलीत ठेवलेले आहे.

येथे एक अडचण उभी राहते आणि ती फक्त मालिका लिहिणाऱ्याचीच असते. त्झ्वेतान तोदोरोव या समीक्षकाने १९७० साली अद्भुत साहित्यावर जो विचार मांडला, त्याचा गाभा दोलायमानतेत आहे. घडते आहे ते खरोखरच अमानवी आहे, की त्याला ऐहिक कारण आहे, याचा निर्णय होत नाही तोवरच अद्भुत जिवंत असते. निर्णय झाला की कथा एका बाजूला पडते. एका कादंबरीत ही दोलायमानता शेवटच्या पानापर्यंत ताणता येते. मालिकेत ती तिसऱ्या पुस्तकाच्या पुढे टिकत नाही, कारण इतक्या वेळा साखळी वाजल्यावरही जो वाचक 'आहे की नाही' असे विचारत राहील तो वाचक नव्हे, सरकारी वकील म्हणायचा. तेव्हा मधल्या भागांत कुठेतरी मूळ प्रश्नच बदलावा लागतो. भूत आहे का, या प्रश्नाच्या जागी भुताचा कायदा काय, हा प्रश्न येतो: ते कोठे येते, कोठे येत नाही, त्याला काय चालत नाही, आणि त्याला हवे काय आहे.

या कायद्याचे कारण मात्र सांगावे लागत नाही, हे मी कोणत्याही समीक्षकाकडून शिकलो नाही. ते आमच्या घरच्या कानबाईकडून, म्हणजे आम्हा खान्देशवासीयांच्या देवीकडून, शिकलो. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रात्रभर जागरण होते, सोमवारी तिला वाजतगाजत नदीवर नेतात. रोटासाठी घरातल्या पुरुषांच्या हिशेबाने सव्वा-सव्वा मापाने गहू घेतात, आणि ते रोट फक्त भाऊबंदांनी खायचे असतात. शेजारचा जिवाभावाचा मित्र दारात उभा असला तरी त्याच्या हातावर त्या रोटाचा तुकडा पडत नाही. लहानपणी 'का' असे विचारले, तर माझी फुई, म्हणजे आत्या, परातीतल्या कणकेवरून नजरही न उचलता म्हणायची, की तसेच असते. त्या उत्तराने माझे कधी समाधान झाले नाही, आणि त्या दिवसाचा दरारा एका कणानेही उणा झाला नाही. उलट एखाद्या वर्षी कोणी तो नियम मोडून रोट बाहेर दिला असता, तर सारा प्रकार लुटुपुटीचा वाटला असता. अद्भुताला कारण नसले तरी चालते, पण त्याचा नियम पाळला गेलाच पाहिजे, आणि तो सर्वांत आधी लेखकाने पाळला पाहिजे.

साखळीवाल्याचा नियम मला मोजणीच्या शास्त्रातच सापडला. इंग्रजी अमदानीतली आपल्याकडची मोजणी शंकू-साखळीने होत असे. साखळी तेहतीस फुटांची आणि तिचे भाग सोळा, म्हणजे सोळा आणे. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद असा चौकोन झाला की एक गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट, आणि असे चाळीस गुंठे मिळून एक एकर. आता कल्पना करा, की एखाद्या साखळी धरणाऱ्याने कोणाच्या तरी सांगण्यावरून दर साखळीला एक आणा दाबला. एका बांधावर ते डोळ्यांना दिसणारही नाही. साऱ्या शिवारात मात्र कित्येक घरांची भाकरी नाहीशी होते. १८५२ साली सावदा, रावेर, फैजपूर या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी सरकारी मोजणीला उघड विरोध केला होता, हा इतिहास आहे. माझा साखळीवाला त्याच मोजणीत साखळी ओढत होता, ही कल्पना. मेल्यावर त्याच्या हाती पंधरा आण्यांची साखळी राहिली, आणि जेथे कागदावरची जमीन व पायाखालची जमीन जुळत नाही तेथे तो येतो. जुळत असेल तेथे तो येऊ शकत नाही. एवढाच त्याचा कायदा.

हा नियम पहिल्या भागात कोणी उच्चारत नाही. मोजणीदाराला तो हळूहळू कळतो, आणि कळल्यावर गुन्हा शोधायला त्याचाच उपयोग होतो, कारण साखळी वाजली म्हणजे फेरफाराच्या नोंदीत कोणीतरी हात घातला आहे हे नक्की. मग अभिलेख कक्षातले कागदांचे रुमाल सोडायचे, मोडीतले मोजणीचे जुने टिपण लावायचे, ते फाळणी नकाशाशी ताडून पाहायचे, आणि कोणत्या साली कोणाचे क्षेत्र किती गुंठ्यांनी फुगले हे काढायचे. भूत बोट दाखवते, पण पुरावा कागदच देतो. भुताने दिलेली माहिती मोजणीदाराने पंचांसमोर कधीही वापरलेली नाही, आणि ती वापरू द्यायची नाही एवढे पथ्य मी अखेरपर्यंत पाळले आहे. नॉक्स यांना माझी मालिका मान्य झाली नसती, तरी गुन्ह्याच्या उलगड्यापुरते त्यांनी मला माफ केले असते, असा माझा समज आहे.

तेव्हा पहिल्या गटाला माझे उत्तर असे, की शेवटच्या भागात गुन्ह्याचा हिशेब पै-पैसकट दिला आहे. आधीच्या भागांत सोडलेले धागेही त्यात आले आहेत: पारोळ्याच्या वाड्यातला हरवलेला आकारबंद (क्षेत्र आणि साऱ्याची नोंदवही), जिनिंगच्या आवारात सापडलेला हद्दीचा दगड, आणि मोजणीदाराने मुदतीच्या आधीच निवृत्ती का घेतली ते. साखळीवाला 'म्हणजे काय', हे मात्र त्यात नाही. ते सांगण्याचे सामर्थ्य माझ्यात नाही असे कोणी म्हटले तरी मी वाद घालणार नाही, परंतु ते सांगितल्याने काय होते याचे एक थोर उदाहरण समोर आहे. देवकीनंदन खत्री यांच्या हिंदी चंद्रकांतामालिकेतली तिलिस्मे, म्हणजे मायावी भुलभुलैये, वाचताना छाती दडपते: बोलणारे पुतळे, आपोआप उघडणारी दारे, माणसाला गिळणारी दालने. मग उलगड्यात कळते, की ही सारी पूर्वजांनी रचलेली यंत्रे, कळी आणि रसायने यांची करामत होती. ती करामत अफाट आहे, आणि खत्रींची सचोटी अशी, की काहीही वाऱ्यावर सोडलेले नाही. तरीही उलगडा वाचून झाल्यावर त्या दालनात पुन्हा शिरावेसे वाटते ते कुतूहलाने. भीती गेलेली असते. साहसकथेला ते शोभते. माझ्या मालिकेत भीती गेली तर मागे फक्त जमिनीची भांडणे उरतील, आणि ती वाचायला कोणाला पुस्तक विकत घ्यायची गरज नाही.

जाता जाता: याच खत्रींनी पुढे भूतनाथाची कथा लिहायला घेतली, तिचे पहिले सहा भाग लिहून झाले आणि १९१३ साली ते गेले. उरलेले भाग त्यांचे चिरंजीव दुर्गाप्रसाद खत्री यांनी लिहून पुरे केले. माझ्या मुलीला माझ्या पुस्तकांत रस नाही, त्यामुळे शेवट मलाच लिहिणे भाग होते.

आता दुसरा गट. लाडके पात्र मारू नका, ही मागणी जुनी आहे, आणि तिच्यापुढे मोठमोठे लेखक नमले आहेत. कॉनन डॉयल यांनी डिसेंबर १८९३ मध्ये होम्सला धबधब्यात ढकलले. मग आधी त्याच्या मृत्यूपूर्वीची म्हणून एक कादंबरी दिली, आणि १९०३ साली त्याला सरळ जिवंत परत आणले. अगाथा ख्रिस्ती यांनी अधिक शहाणपणा केला. आपला गुप्तहेर पोआरो याची शेवटची कादंबरी त्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लिहून ठेवली आणि ती १९७५ साली, स्वतःच्या मृत्यूच्या जेमतेम काही महिने आधी, प्रसिद्ध होऊ दिली. वाचकांचा आग्रह वाढण्यापूर्वीच शेवट कुलूपबंद करून ठेवण्याची ही युक्ती मला फार पटते. मोजणीदाराचे काय होते ते येथे लिहीत नाही. तो शेवट तिसरा भाग चालू असतानाच कागदावर उतरलेला होता आणि एकाही पत्राने तो बदललेला नाही, एवढे मात्र सांगतो.

पण या सगळ्या पत्रांत एक प्रश्न कोणीच विचारला नव्हता, आणि तो माझ्या फुईने विचारला. तिचे वय नव्वदीला टेकले आहे, पुस्तके ती माझ्या चुलतभावाच्या सुनेकडून वाचून घेते, आणि मोजणीदार तिला फारसा आवडत नाही. शेवटचा भाग लिहितो आहे असे सांगितल्यावर तिने साखळीवाल्याची चौकशी केली. "त्यानं कितलं बाकी शे?" असे तिने विचारले. त्याचे किती फेडायचे राहिले आहे, हे तोवर मीही ठरवलेले नव्हते.

या प्रश्नाने मला अस्तंब्याची आठवण झाली. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यात, अस्तंबा ऋषीचा डोंगर आहे आणि धनत्रयोदशीला तेथे मोठी यात्रा भरते. भाविकांत आदिवासी बांधव सर्वांत अधिक असतात. हा ऋषी म्हणजे अश्वत्थामा अशी श्रद्धा आहे. कपाळावरच्या जखमेसाठी तो अजून तेल मागत फिरतो असे आपल्याकडे घरोघरी सांगतात. बऱ्हाणपूरजवळच्या आसीरगडावरही, जो फारुकी सुलतानांच्या काळात खान्देशाचाच गड होता, तो पहाटे महादेवाला फूल वाहून जातो अशी आख्यायिका आहे. म्हणजे आमच्या प्रांताच्या दोन टोकांना एकच न मरणारा माणूस येरझारा घालतो आहे. गंमत अशी, की महाभारताच्या सौप्तिक पर्वात श्रीकृष्णाने त्याला दिलेला शाप अनंतकाळाचा नाही. तीन हजार वर्षे तू एकटा, कोणाशी संवादावाचून, अंगाला रक्ताची आणि पुवाची दुर्गंधी घेऊन हिंडशील, असा तो शाप आहे. पारंपरिक गणनेप्रमाणे कलियुगाचा आरंभ इसवी सनापूर्वी ३१०२ मध्ये धरला आणि युद्ध त्याच्या आधीचे मानले, तर ती मुदत दोन हजार वर्षांपूर्वीच भरली. ग्रंथकर्त्याने शिक्षेला शेवट दिला होता. ऐकणाऱ्यांनी तो काढून टाकला. आपण त्याला सुटू देत नाही.

मला यात श्रोत्यांचा दुष्टपणा दिसत नाही. तेल मागणारा दारात येऊ शकतो ही शक्यता कोणाला हातची सोडायची नसते, आणि मोजणीदाराला मारू नका असे लिहिणारे वाचकही याच जातीचे आहेत. पण लेखकाने ग्रंथकर्त्याच्या बाजूने उभे राहावे असे माझे मत आहे. न संपणारी शिक्षा ही कथेच्या दृष्टीने शिक्षाच नसते, कारण तिच्यात काहीही पणाला लागलेले नसते; आज फेडले काय आणि हजार वर्षांनी फेडले काय, सारखेच. म्हणून फुईच्या प्रश्नाचे उत्तर मी बसून काढले. दर साखळीला एक आणा, तर त्या शिवारात त्याने दाबलेले एकूण क्षेत्र किती? आकडा मोठा आला, पण तो आकडा होता. साखळीवाल्याची मुदत वर्षांत नव्हे, एकर-गुंठ्यांत मोजायची हे एकदा ठरल्यावर शेवटच्या भागाची रचना जवळजवळ आपोआप झाली. आधीच्या प्रत्येक भागात मोजणीदाराने जो तंटा सोडवला, त्याने कागद आणि जमीन तेवढ्या क्षेत्रापुरती जुळली, आणि साखळीवाल्याचे तेवढे देणे फिटले. हे दोघांनाही ठाऊक नव्हते. अखेरीस जमिनीचा एकच गट, म्हणजे एका गट क्रमांकाचा तुकडा, उरतो.

तो गट हतनूर धरणाच्या फुगवट्यात आहे. गाव काल्पनिक आहे, फुगवटा खरा. भूसंपादनाच्या यादीतून लेखनिकाच्या चुकीने एक गट सुटला, त्यामुळे सातबारावर तो अजून एका घराच्या नावावर उभा आहे आणि प्रत्यक्षात त्याच्यावर तापीचे पाणी. कागदावर जमीन पूर्ण, पायाखाली शून्य. साखळीवाल्याच्या कायद्यात याहून मोठी तफावत बसत नाही. त्या गटाच्या मोबदल्यापायी माणसे एकमेकांच्या जिवावर उठतात, हा झाला गुन्हा. पाणी उतरून चिखल उघडा पडतो तेवढ्या मोजक्या उन्हाळी दिवसांत मोजणी करायची, हे झाले आव्हान. आणि साखळी कोणाच्या हातात असेल, हा शेवटचा प्रश्न. त्याच्यापुढे मी काही लिहीत नाही, नाहीतर प्रकाशकांचे पत्र येईल. त्यांनी शेवटच्या पानावर पुढच्या मालिकेसाठी एखादी फट ठेवावी असे सुचवले होते. मी नाही म्हटले आणि त्यांनी ते मानले, याबद्दल त्यांचा आभारी आहे.

नव्याने वाचू पाहणाऱ्यांसाठी: मधले भाग कोणत्याही क्रमाने वाचले तरी अडत नाही, कारण प्रत्येक तंटा त्या त्या पुस्तकात संपतो. पहिला भाग मात्र शेवटच्याच्या आधी वाचावा, आणि वाचताना प्रत्येक निकालात किती गुंठे जमीन मूळ मालकाकडे परत गेली ते जमल्यास कागदावर टिपून ठेवावे. ती बेरीज शेवटच्या भागात कोठेही छापलेली नाही. ज्यांनी ती केली असेल त्यांना शेवटून दुसऱ्या प्रकरणातच कळेल, की मोजणीदार तेथे थांबून हाताच्या बोटांवर काय मोजतो आहे.